रुजवात घेणार

मागच्या ऑक्टोबरात मी अमिरातीतल्या अल ऐनला लेकाकडे उतरले तेव्हा माझ्या बॅगेत डिंक, आळीव, सुंठ, खारकेची पूड आणि दुपट्यांसाठी दोन जुनी मऊ पातळं होती. सुनेला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण तिची आई शारजात शाळेत शिकवते आणि तिला हिवाळ्याच्या सुट्टीशिवाय रजा मिळत नाही. मग लेकाने मला बोलावलं. फोनवर म्हणाला, "आई, तुला इथे काही काम नाही. फक्त हिच्याजवळ बस." मी एकतीस वर्षं पुण्यात रजिस्ट्रार ऑफिसात कारकुनी केली आहे. मला कुणी नुसती बस म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. पण नातवंडाचा मामला होता, म्हणून तोंड मिटलं, ह्यांच्या डब्याची सोय लावली आणि विमानात बसले.

घरात पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी नजरेत भरलं ते जेवायचं टेबल. सहा माणसांचं टेबल, पण एक वाटी टेकवायला जागा नाही. कागदच कागद. पिवळ्या चिठ्ठ्या, रंगीत पेनं, दोन लॅपटॉप आणि मधोमध एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उपडं पडलेलं. लेक आणि सून सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवत. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी विचारलंच, "हे टेबल आहे की रेकॉर्ड रूम?"

"सॉरी आई," सून म्हणाली. "ओन्ली टिल डिसेंबर. प्रॉमिस."

आमची सून इथलीच. दुबईत जन्मली, शारजात वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि फार जिवाला लागलं तर हिंदीत. ती इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि जोडीला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाची पीएचडी घरी बसून करत होती. विषय काय, तर आठशे वर्षांपूर्वी तिकडच्या चर्चमध्ये कोणकोण अधिकारी होते ते शोधून काढायचं. लग्न ठरताना मला हे सांगितलं होतं आणि मी "वा वा" करून सोडून दिलं होतं. चर्च त्यांचं, अधिकारी कधीचे मेलेले, आणि शोधणारी ही वाळवंटात वाढलेली मराठी मुलगी. यात कुणाचं काय भलं होणार, असं मला मनातून वाटायचं. ते कधी बोलून दाखवलं नाही, एवढं शहाणपण केलं.

त्या दिवशी मात्र तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं. प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षाही झाली होती. परीक्षकांनी पास केलं, पण दुरुस्त्यांची यादी हातात दिली. बाकी सगळ्या दुरुस्त्या तिने करून टाकल्या होत्या. एक अडली होती.

एका मोठ्या चर्चच्या जमिनींचे चौदा दस्त होते. त्या चौदाही दस्तांवर साक्षीला एक आर्चडीकन होता. आर्चडीकन म्हणजे कोण हे ती मला दहा मिनिटं समजावत होती. शेवटी मीच म्हटलं, "बिशप म्हणजे कलेक्टर धरला, तर हा प्रांत." ती म्हणाली, "एक्झॅक्टली." तर या प्रांतसाहेबांचं नाव मूळ लॅटिन दस्तात लिहिलेलंच नाही. नुसतं एक अक्षर आहे. आर, टिंब, आर्चडीकन. तेव्हाच्या लेखनिकांची तशी पद्धतच होती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका पाद्रीबुवांनी त्या दस्तांचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि आरच्या जागी एक पूर्ण नाव घालून टाकलं. लोकांनी ते मानलं. सुनेनेही मानलं. परीक्षकांनी विचारलं, कशावरून?

"मग दस्ताच्या तारखेवरून काढ की, त्या साली कोण होतं ते," मी म्हटलं.

"देअर इज नो डेट, आई. दे डिडन्ट पुट डेट्स देन."

मी कपाळाला हात लावला. "तारीख नाही आणि दस्त चालवून घेतला?"

माझा चेहरा बघून ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. मग म्हणाली की गंमत उलटी आहे. अधिकारी कोण ते कळलं की त्यावरून दस्ताचा काळ ठरतो. म्हणजे हा आर चुकला तर सगळ्या दस्तांचा काळ चुकला, आणि तिचं तिसरं प्रकरण आडवं झालं. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. डिसेंबरच्या मध्याला कागद पोचले नाहीत तर सहा वर्षांची मेहनत खलास. आणि डॉक्टरीणबाईंनी बाळाची तारीखही त्याच आठवड्यातली दिली होती.

"बेबी रुकेगा नहीं," ती म्हणाली, "और वो लोग भी नहीं."

हिंदीत बोलली म्हणजे जिवाला लागलेलं होतं. मला पोटातून वाईट वाटलं. माझ्या सुनेच्या वयात मी खात्याच्या परीक्षेला बसले होते, पदरात हा लेक सहा महिन्यांचा, आणि तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं होतं ते मी विसरलेली नाही. टेबलाबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "वाच बघू मला एक दस्त." तिला वाटलं मी तिचं मन राखायला म्हणते आहे. तिने भाषांतरातला एक दस्त वाचला. जमीन कुणी दिली, कुणाला दिली, आणि मग जमीन कुठे ती, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला अमक्याचं शेत, तिसऱ्या बाजूला गिरणीचा रस्ता. मी ताठ बसले. "अगं, ही तर चतुःसीमा," मी म्हटलं. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. आयुष्यभर हेच वाचलं. शेवटी साक्षीदारांची नावं. परक्या वेषातली बाई पाहावी आणि ओळखीची निघावी तसं मला झालं. पाद्री असोत नाहीतर पाटील, जमीन लिहून द्यायची म्हटली की माणसं एकाच पद्धतीने लिहितात.

मग आमचं रोजचं काम सुरू झालं. लेकाने बकाल्याच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, शेजारून मला एक लांब रूलाची वही आणून दिली. सून म्हणाली एक्सेलमध्ये करूया. मी म्हटलं, तू कर तुझ्या एक्सेलात, मी माझ्या वहीत करते. एका ओळीत एक दस्त, आणि पुढे रकान्यांत साक्षीदार, पहिला, दुसरा, तिसरा, ज्या क्रमाने आले तसे. मूळ लॅटिन दस्तांचे फोटो तिच्याकडे होते, पण ते अक्षर म्हणजे मोडीची मावसबहीण. एकेक पान वाचायला दोन-दोन तास लागायचे. आर कुठे येतो तेवढी ओळ तिने सगळ्या दस्तांत मुळावरून तपासली होती. बाकीचे साक्षीदार आम्ही भाषांतरातून उतरवत होतो. ती नावं सांगायची, मी देवनागरीत लिहायची. बाहेर ऊन रणरणत असायचं, पडदे ओढलेले, एसी घरघरत असायचा, आणि मध्ये मी तिला आळिवाची खीर द्यायची. ती नाक मुरडून प्यायची. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत मला कुणी एक कागद वाचायला दिला नव्हता.

इथेच मी अक्कल पाजळली.

त्या साक्षीदारांना आडनावं नसायची. अमुक गावचा तमुक, असं असायचं. वही भरता भरता माझ्या लक्षात आलं की एका गावचे दोघे आहेत. एक जुना, खजिनदार. दुसरा तरुण, आणि त्याचं नाव आरने सुरू होणारं, अगदी भाषांतरकाराने दिलेलं तेच. आता आपल्याकडे एका गावावरून दोघांचं नाव पडलं म्हणजे काय? मी बेधडक म्हटलं, "हे एकाच घरातले. बापलेक."

"आई, ते प्रीस्ट आहेत. दे कान्ट हॅव सन्स."

"मग काका-पुतणे. काकाने पुतण्याला नोकरीला चिकटवलं. सगळीकडे तेच चालतं."

तिचे डोळे चमकले. कारण बिशप लोक पुतण्यांना, भाच्यांना अशा जागा द्यायचे हे तिच्या पुस्तकांत होतंच. मी आणखी पुढे गेले. आमच्याकडे रोज शंभर आडनावं डोळ्यांखालून जायची, मला आडनाव कळतं, घराणं कळतं, असं काय काय सांगितलं. तिने तीन आठवडे त्यावर लिहिलं. खजिनदार काका, आर्चडीकन पुतण्या, म्हणून भाषांतरकार बरोबर. बारा पानं झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने ती मार्गदर्शक बाईंना पाठवली.

उत्तर दोन दिवसांत आलं, आणि ते चार ओळींचं होतं. गावाचं नाव म्हणजे घराण्याचं नाव नव्हे. त्या काळी ते त्या एका माणसापुरतं असे, तो कुठून आला एवढंच सांगणारं. त्या गावचे दोघे एकमेकांचे कुणी असतील असं मानायला काही आधार नाही. शिवाय तोच खजिनदार दुसऱ्या एका कागदात दुसऱ्याच गावचा म्हणून येतो. हे सगळं सुनेला माहीत होतं. पुस्तकी ज्ञान तिच्याकडे होतं. पण सासूने एवढ्या ठामपणे सांगितलं, एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, आणि तिलाही ते हवंच होतं, म्हणून तिने स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडलं. जोशीकाकांचा पुतण्या जोशीच असतो तो आपल्याकडे. तिकडे नाही.

तिने मला मेल वाचून दाखवली आणि लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, "माझं चुकलं."

"इट्स फाइन, आई."

ते इंग्रजी माझ्या फार जिवाला लागलं. रागावली असती तर मी भांडले असते, भांडणं मला जमतात. ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. तिचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. केरळच्या सिस्टरने तिला दटावलं, आराम करा, टेन्शन घेऊ नका, बाळ छान आहे, इन्शाल्ला सगळं नीट होईल. परत येताना लेक गाडी चालवत होता. गोलचौकामागून गोलचौक येत होते. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. तिची सहा वर्षं, आणि माझ्या तोंडाळपणापायी त्यातले शेवटचे तीन आठवडे पाण्यात गेले. मी इथे बाळंतपणाला आले होते, पदवी बुडवायला नव्हे.

त्यानंतरचे तीन-चार दिवस मी फक्त स्वयंपाक केला. सकाळी ऊन चढायच्या आत ओॲसिसच्या भिंतीकडेने फिरून यायची. आत खजुराच्या बागांमधून पाण्याचे पाट वाहतात, सावली दाट आहे, तिथे जरा डोकं थंड व्हायचं. एका सकाळी एक बागवान पाट वळवत होता. एक फळी उचलायची, दुसरी घालायची, की पाणी या बागेतून त्या बागेत. मी उभी राहून बघत होते. तो फळी बसवून झाली की खाली वाकून बोट घालून बघायचा, पाणी खरंच थांबलं का. नुसतं वरून बघून पुढे जात नव्हता. आणि मला आमची रुजवात आठवली.

रुजवात म्हणजे काय, हे ज्याने रजिस्ट्रार ऑफिसातून जुनी नक्कल काढली असेल त्याला ठाऊक असतं. नकलेच्या तळाला बारीक सह्या असतात. नक्कल करणार, वाचणार, रुजवात घेणार. एकजण मूळ दस्त मोठ्याने वाचतो आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून ओळ न् ओळ पुढे सरकतो. शब्द कमी पडला, जास्त पडला, की तिथेच थांबायचं. हे झाल्याशिवाय नक्कल बाहेर जायची नाही. मी वर्षानुवर्षं रुजवात घेणार होते. माझं पूर्ण नाव कुठल्याही नकलेवर नाही, फक्त दोन अक्षरांची घसरती सही. पण ती सही असल्याशिवाय कोर्ट नक्कल मानायचं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. आणि इथे येऊन मी काय केलं? भाषांतरावर, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या नकलेवर, डोळे मिटून महिनाभर वही भरली. रुजवात न घेता. माझ्या हाताखालच्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला दिवसभर फैलावर घेतलं असतं.

घरी येऊन मी सुनेच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती उशांना टेकून पडली होती. मी म्हटलं, "रागावली असशील तर रागाव, पण एक ऐक. आपण भाषांतराची रुजवात घेऊ. तू मूळ लॅटिन मोठ्याने वाच. मी इंग्रजीवर बोट ठेवते."

"आई, यू डोन्ट नो लॅटिन."

"मला मोजता येतं. नावं तीच आहेत ना? तू पडल्या पडल्या वाच. उठायचं नाही."

तिने उशी सारखी करून लॅपटॉप ओढला. मग म्हणाली, "ओके. यल्ला, चला."

असं आमचं ऑफिस पलंगावर हललं. तिच्या पोटावर उशी, उशीवर लॅपटॉप, आणि बाजूला खुर्चीत मी, मांडीवर ते जाडजूड पुस्तक. ती फोटो मोठा करून अडखळत वाचायची. मला एक शब्द कळत नव्हता, पण नाव आलं की कानाला कळायचं आणि मी बोट पुढे सरकवायची. पहिले तीन दस्त तंतोतंत जुळले. चौथ्या दस्ताला माझं बोट साक्षीदारांच्या यादीच्या टोकाला आलं. तिथे छापलं होतं, "आणि इतर." मी बोट उचललं. ती वाचतच होती.

"थांब," मी म्हटलं. "माझं संपलं."

ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "माझं नाही संपलं."

चक्क मराठीत. पाद्रीबुवांनी जिथे "आणि इतर" म्हणून हात झटकले होते तिथे मूळ दस्तात आणखी तीन नावं होती. आणि सगळ्यात शेवटचं नाव एका कारकुनाचं होतं. नुसता कारकून नव्हे, आर्चडीकनचा कारकून, ज्याने हा दस्त लिहिला तो. तसा कारकून पहिल्या तिन्ही दस्तांच्या तळाला छापलेलाही होता, पण आम्ही ते नाव नुसतं उतरवून पुढे गेलो होतो. भाषांतरकाराला वाटलं असणार, या फुटकळ लोकांना कोण विचारतं, जागा कशाला घालवा. दोघींच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. सून उठून बसायला लागली, मी तिला दाबून परत निजवलं.

"हेच," मी म्हटलं. "वरची नावं बघत बसलो आपण. अगं, वरची नावं रुबाबाची असतात. तो मोठा माणूस तिथे होता की नव्हता देव जाणे. खाली ज्याने लिहिलं, तो मात्र नक्की हजर. आणि साहेब बदलला की त्याचा कारकून बदलतो. नवा साहेब आपला माणूस घेऊन येतो."

पुढचे सहा दिवस आम्ही उरलेल्या दहा दस्तांच्या शेपट्या वाचल्या. जमलं तेवढंच, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, मध्ये तिने डावीकडे कुशीवर झोपायचं असा माझा नियम. मी वहीत नवा रकाना आखला, लाल शाईने. चौदा दस्त पुरे झाले तेव्हा तो रकाना स्वतःच बोलत होता. नऊ दस्तांत शेवटी एकच कारकून. उरलेल्या पाचांत दुसरा. दोघे मिळून एका दस्तात कुठेही नाहीत. मी तर मनात पेढेच वाटले.

सून मात्र या वेळी शहाणी झाली होती. म्हणाली, "पण कारकून तसाही बदलू शकतो ना, आई? साहेब तोच, कारकून मेला."

"बदलतो," मी म्हटलं. मलाही शहाणपण आलं होतं. "म्हणून एवढ्यावर सही करायची नाही. तो दुसरा कारकून आणखी कुठे सापडतो का ते शोध."

दोन दिवस ती शोधत होती. मी लाडू वळत होते आणि दर अर्ध्या तासाने दारातून डोकावत होते. जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. दुसऱ्याच एका लहान चर्चच्या कागदांत एक दस्त होता. तिथे आर्चडीकनचं नाव लेखनिकाने पूर्ण लिहिलं होतं. आरनेच सुरू होणारं, पण भाषांतरकाराने दिलेलं नाव नव्हे, वेगळं. आणि तळाला साक्षीला तोच दुसरा कारकून, त्याच आर्चडीकनचा म्हणून. त्याच कागदांत आणखी एका दस्ताला भाषांतरकाराचा आर पूर्ण नावाने होता, आणि त्याच्या तळाला आमचा पहिला कारकून. म्हणजे आर एक नव्हता. दोन होते, एकामागून एक. पाद्रीबुवांनी दोघांची मोट एका नावात बांधली आणि दुसरा माणूस शंभर वर्षं पुस्तकातून गायब झाला. आम्ही तो परत आणला, अल ऐनमध्ये, पलंगावर पडून.

ती रडायला लागली. मी विचारलं, काय झालं, दुखतंय का? ती मान हलवून म्हणाली, "खूप छान वाटतंय." मग मीही रडले. आमच्यात तशी मिठ्या मारायची पद्धत नाही, पण त्या दिवशी मारली. मध्ये पोट होतं, त्यामुळे ती जरा अर्धवटच झाली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने कागद पाठवले. बारा दिवसांनी, सकाळी नाश्त्याच्या वेळेला तिला कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. लेक दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला खजूर वाटत सुटला होता, एका अनोळखी अरब आजोबांनी त्याला "मबरूक हबीबी" म्हणत पाठीवर थोपटलं. आठवड्याने शारजाची विहीणबाई सुट्टी घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून शेक-शेगडीचं सगळं केलं. टेबल रिकामं झालं होतं. आम्ही चौघं त्यावर ताटं मांडून जेवलो, आणि खरं सांगू, मला ते जरा ओकंबोकं वाटलं.

परीक्षकांचं पत्र जानेवारीच्या अखेरीला आलं. मी तेव्हा नातीला न्हाऊ घालून धुरी देत होते. सून फोन घेऊन बाथरूमच्या दारात आली आणि म्हणाली, "आई, झालं." दुरुस्त्या मान्य. परीक्षकांनी एक ओळ जास्तीची लिहिली होती, की साक्षीदारांचा तक्ता विशेष काळजीने केलेला आहे. ती ओळ तिने मला दोनदा वाचून दाखवली. मी तिसऱ्यांदा वाचायला सांगितली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवायची प्रत तेवढी पाठवायची राहिली होती. त्या दुपारी ती टेबलाशी बसली, मी शेजारी नातीला मांडीवर घेऊन. तिने तो तक्ता उघडला. चौदा ओळी, शेवटचा रकाना लाल. माझ्या वहीतल्यासारखाच लाल ठेवला होता तिने. तक्त्याखाली एक रिकामी ओळ होती आणि त्यावर तिने इंग्रजीत लिहिलं होतं, मूळ प्रतीशी ताडून पाहिले, आणि पुढे मराठी अक्षरांत, रुजवात घेणार. तो शब्द देवनागरीत लिहायला ती कधी शिकली मला माहीत नाही. बहुतेक विहिणीला विचारून लिहिला असेल.

एकतीस वर्षांत माझ्या सहीकडे कुणी बघितलं नव्हतं. कोर्टाने नाही, पक्षकारांनी नाही, साहेबांनी तर नाहीच.

"इथे तुमचं नाव," ती म्हणाली. "इनिशियल्स टाकू की पूर्ण?"

नात कुशीत शिंकली. मी तिचं टोपडं सारखं केलं.

"पूर्ण लिही," मी म्हटलं. "माझं, ह्यांचं, आडनाव, सगळं. आणि पुढे कारकून असंही लिही. नुसतं अक्षर ठेवलंस तर आठशे वर्षांनी कुणाची तरी सून जेवायचं टेबल अडवून बसेल."

तिने हसत हसत एकेक अक्षर टाइप केलं. तिचं झाल्यावर मी स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा तपासून घेतलं.